आधी ग्राफिक्स कार्ड, मग बाकीचं

प्रश्न : मुलाला गेमिंगसाठी पीसी जोडून द्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, आय७ घ्या, ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी बघू. बजेट बेताचंच आहे. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानदाराचं ऐकू नका. गेममध्ये खरी मेहनत ग्राफिक्स कार्डाची. सर्वांत मोठा वाटा त्यालाच द्या. ८ जीबीचं आरएक्स ६६०० फुल एचडी पडद्याला छान पुरतं. जोडीला सहा कोअरचा रायझन ५ ५६०० आणि बी५५० मदरबोर्ड. कार्ड खरंच लांबणीवर टाकायचं असेल तर ५६००जी घ्या. नुसत्या ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, पडदा काळाच राहील.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरा. एनव्हीएमई एसएसडी ५०० जीबीची चालेल.

काटकसर कॅबिनेटच्या दिव्यांवर करा, एसएमपीएसवर नको. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा तर नकोच! नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ घ्या.

आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डालाच लावा.