विजेवरील वाहने : ग्राहकाची उत्सुकता मोजावी कशी?

“पुढील वाहन विजेवर चालणारे घ्याल काय?” या प्रश्नाला होकार देणे सोपे असते, कारण त्यासाठी खिशाला तोशीस पडत नाही. म्हणूनच बाजारपेठेचा अंदाज बांधणाऱ्याने, आणि त्या अंदाजावर विसंबून कर्ज देणाऱ्या बँकेनेही, हा होकार जपून वाचला पाहिजे.

कुतूहल आणि खरेदी

जुलै २०२१ मध्ये ओला इलेक्ट्रिक कंपनीने अवघे ४९९ रुपये घेऊन स्कूटरची आगाऊ नोंदणी सुरू केली. ही रक्कम परत मिळणारी होती. पहिल्या २४ तासांत एक लाख नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले. हे कुतूहलाचे माप होते, खरेदीचे नव्हे.

किमतीचा परिणाम पुढे दिसला. १ जून २०२३ पासून ‘फेम-२’ योजनेत विद्युत दुचाकींच्या अनुदानाची मर्यादा कारखाना-किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली. मे महिन्यात एक लाखाच्या वर गेलेली नोंदणी जूनमध्ये निम्म्याहूनही खाली घसरली. अर्थात, अनेकांनी जूनची खरेदी मे महिन्यातच उरकून घेतली असणार. पुढील महिन्यांत आकडा हळूहळू सावरला. तात्पर्य, एका महिन्याच्या आकड्यावरून उत्साहाचा वा निरुत्साहाचा निष्कर्ष काढू नये.

गरज बोलते तेव्हा

ई-रिक्षाची गोष्ट निराळी आहे. दिल्लीसह उत्तर भारतातील शहरांत त्या आधी रस्त्यावर आल्या. मोटार वाहन कायद्यात त्यांना स्थान मिळाले ते २०१५ च्या दुरुस्तीने. पायरिक्षा ओढणाऱ्याला कमी श्रमांत अधिक फेऱ्या मिळत होत्या. रोजच्या कमाईचा हा हिशेब कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा बोलका होता.

आपला हिशेब

हाच हिशेब आपणही मांडून पाहावा. समजा, आपला रोजचा प्रवास ३० किलोमीटरचा आहे. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि स्कूटरची धाव लिटरमागे ४५ किलोमीटर धरल्यास दिवसाला ७० रुपये लागतात. विजेच्या स्कूटरला साधारण एक युनिट, म्हणजे दहा रुपये धरू. महिन्याच्या २५ दिवसांत १,५०० रुपये वाचतील. प्रवास पाचच किलोमीटरचा असेल, तर बचत केवळ २५० रुपयांची! दोघांची उत्सुकता सारखी असली, तरी हप्ता फेडण्याची सोय सारखी नसते.

म्हणून कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला अवश्य विचारावेत. रोजचा प्रवास किती? घरी किंवा सोसायटीच्या वाहनतळावर चार्जिंगची सोय आहे काय? आणि बॅटरीची हमी संपल्यानंतरही हप्ते चालूच राहणार काय? शाखेतील सहकाऱ्यांनीही अर्जदाराशी याच प्रश्नांवर बोलावे. यांची उत्तरे देऊनही जो ग्राहक ठाम राहतो, त्याची उत्सुकता खरी मानावी.