दात भरायचा खर्च: दर विचारण्याआधी एनॅमल किती उरलंय ते विचारा

एकाच किडलेल्या दाढेसाठी एका दवाखान्यात सहाशे रुपये सांगतात, दुसऱ्यात अडीच हजार. जागेचं भाडं आणि डॉक्टरांचा अनुभव यांनी दर बदलतो हे खरं. पण बराचसा फरक पडतो तो भरायचं साहित्य, त्याला लागणारा वेळ आणि दातावर शिल्लक असलेलं एनॅमल यांमुळे. त्यातही एनॅमल सगळ्यांत महत्त्वाचं, कारण पुढच्या वीस वर्षांचं बिल त्यावर ठरतं.

कवचाची रचना

एनॅमल हे दाताचं बाहेरचं कवच. ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. चावण्याच्या टोकांवर त्याची जाडी जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास असते, हिरडीजवळ ते अगदी पातळ होत जातं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बांधलेल्या पेंढीतल्या काड्यांसारखे लाखो बारीक दांडे एकमेकांना लागून उभे दिसतात. प्रत्येक दांडा सुमारे पाच मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा, आणि खनिजाच्या असंख्य स्फटिकांनी ठासून भरलेला असतो. डेंटिन या आतल्या थरापासून पृष्ठभागापर्यंत हे दांडे पोचतात.

एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात वर येतानाच नाहीशा होतात. त्यामुळे झिजलेलं, घासलेलं किंवा किडलेलं एनॅमल शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. डेंटिनचा आधार गेला की एनॅमल ठिसूळ ठरतं. आतून पोखरलेल्या दाढेचा कोपरा जेवताना अचानक तुटतो तो यामुळेच.

दात भरण्याचं आजचं तंत्र या दांड्यांवरच उभं आहे. १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिलं, की फॉस्फोरिक आम्ल लावलेल्या एनॅमलला रेझिन जास्त घट्ट चिकटतं. आम्लामुळे दांडे कमीजास्त विरघळून सूक्ष्म खाचा पडतात, पातळ रेझिन त्यांत शिरतं आणि तिथेच कडक होतं. हल्ली साधारण ३७ टक्क्यांचं आम्ल १५ ते ३० सेकंद लावतात. या पकडीमुळे भरणं टिकवण्यासाठी चांगला दात कोरावा लागत नाही.

कशाला किती

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांचे हे ढोबळ आकडे आहेत. लहान गावांत ते कमी असतात, नामांकित दवाखान्यांत बरेच जास्त.

- सीलंट, एका दाढेचे ५०० ते १,००० रुपये. सहाव्या आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पक्क्या दाढांच्या खोल खाचा रेझिनने बुजवतात. ड्रिल लागत नाही. मुलांसाठी याहून फायद्याचा खर्च क्वचितच सापडेल.
- ग्लास आयोनोमर सिमेंट, ५०० ते १,२०० रुपये. दाताशी रासायनिक बंध जोडतं आणि फ्लोराइड सोडतं, पण चावण्याच्या जोरापुढे लवकर झिजतं. दुधाचे दात आणि हिरडीजवळची कीड यांसाठी चांगलं.
- चांदी, ५०० ते १,२०० रुपये. मजबूत असते, पण दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून खड्डा आत रुंद कोरावा लागतो, त्यात चांगला दातही जातो.
- कॉम्पोझिट, १,००० ते ३,००० रुपये. दाताच्या रंगाचं. निळ्या लाइटखाली कडक होताना ते थोडं आकसतं, म्हणून सुमारे दोन मिलिमीटरचे थर देत भरावं लागतं. या वेळेचे पैसे बिलात असतात आणि ते वाजवी आहेत.
- ऑनले, म्हणजे तुटलेल्या भागावर चिकटवायचा तयार तुकडा, ६,००० ते १५,००० रुपये. मोठा भाग तुटला, पण बाजूच्या भिंती शाबूत असल्या तर कॅपऐवजी हा पर्याय जरूर विचारा. कॅपपेक्षा दात कमी घासावा लागतो.
- रूट कॅनाल ३,५०० ते ८,००० रुपये, त्यावरची कॅप वेगळी. धातूची २,००० ते ४,०००, धातूवर सिरॅमिक असलेली ४,००० ते ८,०००, झिरकोनियाची ८,००० ते १८,००० रुपये. कॅपसाठी दात चारही बाजूंनी साधारण एक ते दोन मिलिमीटर घासतात, म्हणजे बरंचसं एनॅमल जातं.
- सिरॅमिक व्हेनिअर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा, एका दाताचे ८,००० ते १८,००० रुपये. समोरचे सहा दात केले तर पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे. घासणं एनॅमलपुरतंच राहिलं तर पकड चांगली मिळते, डेंटिनपर्यंत गेलं तर ती कमकुवत होते. एकदा घासलेला दात पूर्ववत होत नाही, म्हणून निव्वळ हौसेखातर निर्णय घेऊ नका.

खुर्चीत बसण्याआधी विचारा

१. दात कोरडा कसा ठेवणार? आम्ल लावलेल्या एनॅमलला लाळ लागली तर पकड बिघडते आणि ती पायरी पुन्हा करावी लागते. रबर डॅम (दाताभोवती ताणून लावायचा रबरी पडदा) वापरणाऱ्या डॉक्टरांनी थोडे जास्त पैसे घेतले तरी ते सार्थकी लागतात.

२. कीड खरोखर ड्रिल करण्याएवढी आहे का? नुसता पांढरा डाग असेल आणि खड्डा पडलेला नसेल, तर फ्लोराइड आणि नीट ब्रशिंग यांनी कीड तिथेच थांबू शकते. एक्स-रे दाखवायला सांगा.

३. दात पांढरे करून घ्यायचे आहेत का? मग ते आधी करा आणि कॉम्पोझिट किंवा व्हेनिअरसाठी साधारण दोन आठवडे थांबा. ब्लीचिंगनंतर दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिन नीट कडक होऊ देत नाही.

४. झिरकोनियाची कॅप तोंडात बसवताना घासली तर पुन्हा चकचकीत पॉलिश करणार ना? खरखरीत राहिलेली कॅप समोरच्या दाताचं एनॅमल झिजवते.

५. एकूण खर्च लेखी मिळेल का? एक्स-रे, रूट कॅनाल, कॅप आणि पुढच्या भेटी स्वतंत्र ओळींत लिहून घ्या आणि पावती जपून ठेवा. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. नेहमीच्या आरोग्य विम्यात अपघात सोडून दातांचा खर्च बहुधा मिळत नाही, म्हणून पॉलिसी आधी वाचा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे वाढलेल्यांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. अशा एनॅमलचा बाहेरचा थर आम्लाला सहज दाद देत नाही, त्यामुळे ते जास्त वेळ लावावं लागतं किंवा पृष्ठभाग हलकासा घासावा लागतो. आपण कुठल्या भागात वाढलो हे डॉक्टरांना सांगा. डागांसाठी थेट व्हेनिअर सुचवलं, तर आधी मायक्रोअ‍ॅब्रेजनसारख्या कमी खर्चाच्या उपायाने भागेल का ते विचारा.

परवडत नसेल तर

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे हीच कामं खासगी दराच्या अगदी थोड्या भागात होतात. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या वाढतात, पण पैशांअभावी दात काढून टाकण्याची वेळ येत नाही.

शेवटी साधा हिशेब. आज दीड हजारात भरता येणारी कीड दुखेपर्यंत सोडली, तर रूट कॅनालचे पाच हजार आणि कॅपचे आठ हजार मिळून तेरा हजार होतात, शिवाय एनॅमल जातं ते वेगळंच. दुखत नसतानाही सहा महिन्यांतून एकदा दात दाखवा. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल, तर पहिली भेट त्याच्या दाढांसाठी ठरवा.