पाच वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ

शास्त्रपाठ : 2 राजे 4:38-41, योहान 21:1-14



या वेळचा पाठ स्वयंपाकाचा आहे. पाठाच्या पानावर हा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण आंबिवलीच्या आमच्या शनिवारच्या वर्गात गेल्या काही महिन्यांत जे शिकायला मिळाले, ते शिकवणाऱ्यालाच जास्त शिकायला मिळाले, म्हणून ते आपल्यापुढे ठेवतो.

वर्गाला येणारी बहुतेक मुले कातकरी आणि ठाकूर घरांतली. दिवाळी झाली की त्यांचे आईवडील उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. भट्टीचे काम पहाटे अंधारातच सुरू होते. मग घरात चूल कोण पेटवणार? दहा-अकरा वर्षांची थोरली मुलगी. सहावीतल्या एका मुलीला मी विचारले, "शाळेत का येत नाहीस?" ती म्हणाली, "भात टाकते, बारक्यांना देते, टोप घासते, तवर घंटा होते." भाताबरोबर काय, असे विचारले तर मीठ-मिरची, कधी सुकट. आणि हातात पैसे असले की दुकानातले पाच रुपयांचे पाकीट.

म्हणजे ही मुले स्वयंपाक करतातच. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला उशीर लागला. पहिल्या शनिवारी मी सेवाभावी बहिणींना घेऊन मोठ्या उत्साहाने व्हेज पुलाव शिकवला. गॅसची शेगडी, कुकर, मटार, गाजर, सिमला मिरची, तूप. मुलांनी पोटभर खाल्ले, आम्ही फोटो काढले. पुढच्या शनिवारी विचारले, घरी कोणी केला? एकही हात वर नाही. मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्यात कुकर नाय. आन् ते हिरवं मोठं मिरचं कुठं मिळतं?" तो पाठ मुलांसाठी नव्हता, आमच्या समाधानासाठी होता.

त्या आठवड्यात योहानाचा एकविसावा अध्याय पुन्हा वाचला. शिष्य रात्रभर जाळे टाकून दमून काठाला येतात, तर प्रभूने निखारे पेटवून ठेवलेले, वर मासळी, शेजारी भाकर. त्याच्याजवळ जेवण तयार आहे, तरी तो त्यांनी धरलेल्या मासळीतले थोडे आणायला सांगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात या अध्यायावर आम्ही पेत्राच्या निमित्ताने पुष्कळ चर्चा केली होती. चुलीकडे कोणाचे लक्ष गेल्याचे मला आठवत नाही. आम्ही ठरवले की पुढच्या शनिवारी प्रत्येकाने घरात जे असेल ते मूठभर आणायचे. ज्याच्या घरी काही नाही त्याने काटक्या आणायच्या. आणि शिजवायचे तीन दगडांच्या चुलीवर, टोपात.

आले काय? मुख्यतः रेशनचा तांदूळ. एकाने शेवग्याची फांदी ओढत आणली. दोघी बहिणींनी जवळा आणला. डाळ कोणाकडेच नव्हती. घरात नेमके काय कमी आहे ते त्या ढिगाकडे पाहूनच कळले.

माप शोधायला लांब जावे लागले नाही. शाळेच्या पोषण आहाराचे माप सरकारने ठरवलेले आहे : पहिली ते पाचवीच्या एका मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. एवढ्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा हिशेब आहे. हेच पाचाने गुणा. अर्धा किलो तांदूळ, 100 ग्रॅम डाळ, पाव किलो भाजी, 25 ग्रॅम तेल. मुलांच्या भाषेत पाच वाट्या तांदूळ आणि त्याच वाटीने एक वाटी डाळ. लहानथोर धरून पाच माणसांच्या घराचे एक वेळचे जेवण होते. थोरांना भूक जास्त म्हणून वाटी शिगोशीग.

तांदळाबरोबर डाळच का, हेही मुलांना सांगावे. शरीराला लागणारा जो भाग तांदळात कमी असतो तो डाळीत असतो, आणि डाळीत कमी असतो तो तांदळात. एकीला दुसऱ्याची गरज. डाळ मसूरचीच धरली, कारण तूरडाळ कुकरशिवाय शिजायला फार वेळ आणि फार लाकूड खाते; मसूर अर्धा तास भिजवली की भाताबरोबर शिजते. भाजीत दोन मुठी शेवग्याचा पाला आणि बाकी तांबडा भोपळा. पाला शेवटी घालायचा, नाहीतर कडवटपणा उतरतो. वरून लिंबू पिळायचे, कारण आंबटामुळे पाल्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटे होते, आणि आपल्या वाड्यांत तान्ह्यालाही चहा पाजतात, म्हणून हे दोनदा सांगावे.

खर्च मुलांनीच वहीत मांडला. तांदूळ रेशनचा, फुकट. मसूर 10 रुपये, भोपळा 8, कांदा 3, तेल 4, मीठ-हळद-मिरची 2, अर्धे लिंबू 2. बेरीज 29. शेजारच्या रकान्यात पाच माणसांना नूडल्सची पाच पाकिटे : सत्तरच्या वर. एका मुलीने बेरीज तीनदा तपासली. गणिताच्या तासाला तिला इतके मन लावलेले मी पाहिले नव्हते.

तांदळाविषयी एक गोष्ट निघाली ती इथेच सांगतो. तांदूळ निवडताना एक मुलगी काही दाणे बाजूला काढून फेकत होती. विचारले तर म्हणाली, "हे प्लास्टिकचे तांदूळ हायेत, आई टाकून देते." ते प्लास्टिक नाही, बंधुभगिनींनो. रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत शंभर किलोला एक किलो या प्रमाणात पोषक दाणे मिसळले गेले आहेत. तांदळाच्याच पिठापासून केलेल्या त्या दाण्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व असते. दिसायला थोडे वेगळे, पाण्यात कधी वर येतात, म्हणून घरोघरी ते नेमके निवडून फेकले जातात. आपल्या मंडळीतल्याही कोणी फेकत असतील तर सांगावे. तांदूळ चार-चार पाण्यांनी धुऊ नये आणि पेज ओतून देऊ नये, हेही त्याच दिवशी शिकवले.

तिसऱ्या शनिवारी एक आजी नातवाला शोधत आली आणि बसलीच. तिच्यामुळे 2 राजेचा चौथा अध्याय आमच्या वर्गात आला. गिलगालात दुष्काळ आहे. अलीशा मोठे भांडे चुलीवर चढवायला सांगतो. एकजण रानात जातो, रानवेलीची फळे ओटी भरून आणतो आणि ती कसली हे न कळताच चिरून टाकतो. खाणाऱ्यांच्या लक्षात येते की भांड्यात मरण आहे. मग अलीशा पीठ मागवून त्यात टाकतो आणि अन्न निर्धोक होते. चमत्कार संदेष्ट्याचा, पण चूक आपल्या ओळखीची आहे. आजीने गोष्ट ऐकली आणि म्हणाली, "त्याला इचारायला म्हातारी नव्हती का कोन?"

मग तिने मुलांना सांगितले : कडू कंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे तो खायचा. शेवळं काकडं घातल्याशिवाय शिजवली तर घसा खाजतो. कल्याण स्टेशनबाहेर जूनमध्ये शेवळं विकणाऱ्या बाया बरोबर काकडं देतात ती याचसाठी. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. हे ज्ञान कातकरी, ठाकूर घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि भट्टीवरच्या झोपडीत वाढणाऱ्या मुलांपर्यंत ते पोचेनासे झाले आहे. आम्ही नियम केला की रानातला कंद किंवा अळंबी थोरांनी पाहिल्याशिवाय टोपात जाणार नाही. अळंबीला तर आजीचाही भरवसा पुरेसा मानू नये, असे माझे मत आहे. ती वर्गात वर्ज्य.

आता मुलग्यांविषयी. सुरुवातीला ते काटक्या टाकून बाहेर क्रिकेट खेळायला पळत. "बायांचं काम" म्हणत. मी त्यांना माझ्या वसतिगृहाची गोष्ट सांगितली. तिथे पाळीने स्वयंपाक असे आणि माझ्या पहिल्या डाळीला मीठच नव्हते. चाळीसजणांनी ती मुकाट्याने खाल्ली. मग समुद्रकाठचे निखारे कोणी पेटवले होते, ते विचारले. पुढे कांदा चिरण्याची शर्यत लागली. त्या सहावीतल्या मुलीचा भाऊ चौथीत आहे. तो आता आठवड्यातून तीन दिवस सकाळची खिचडी लावतो आणि त्या तीन दिवशी ती वेळेवर शाळेत असते. उरलेल्या दिवसांचे अजून जमलेले नाही. आणि कांदा सर्वांत बारीक चिरणारी, वहीत नीट हिशेब लिहिणारी दुसरी एक मुलगी फेब्रुवारीत आईबापांबरोबर दूरच्या भट्टीवर गेली. तिची वही आमच्याकडेच राहिली.

याच ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला 1945 मध्ये काम सुरू करून पुढे 1957 पासून कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा नेली होती. (तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे.) पुढच्या हंगामात आम्हीही टोप घेऊन भट्टीवर जाणार आहोत. जाताना पालकांना हेही सांगायचे आहे की रेशन घ्यायला गावी जावे लागत नाही. कार्ड आधारशी जोडलेले असेल तर काम करता तिथल्या दुकानातही धान्य मिळते.

ज्यांना हा पाठ आपल्या संडे स्कूलमध्ये घ्यायचा आहे त्यांनी दोन्ही उतारे आधी मुलांकडून वाचून घ्यावेत आणि मग चूल पेटवावी. नऊ वर्षांखालील मुलांना निवडणे-धुणे द्यावे, आगीजवळ नको. ओढणी काढून ठेवावी, केस बांधावेत, पाण्याची बादली शेजारी भरलेली असावी, आणि गरम टोप एकट्याने उचलू नये. स्वतःच्या घरातही करून पाहावे; शहरातल्या आपल्या मुलांना 29 रुपयांत पाचजण जेवतात हे पटत नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती रागाने नाही. नाताळात आपण प्रेमाने नूडल्स आणि बिस्किटांचे खोके पाठवता. या वर्षी त्याऐवजी मसूरडाळ, शेंगदाणे आणि गोडेतेल पाठवावे. आणि कोणाकडे वीस माणसांचा जुना टोप पडून असेल तर तोही हवा आहे. आमच्या टोपाच्या बुडाला भोक पडले आहे.