कर्करोग, सत्ता आणि संपत्ती

द्वितीय वर्ष, कला

कर्करोगावर लेख म्हटला की तो विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावा, असे कोणालाही वाटेल. पेशी, गाठी, क्ष-किरण हे सारे त्यांच्या अभ्यासक्रमातले. परंतु या रोगाच्या उपचारांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की त्यातील निम्मी पाने राज्यशास्त्राची व अर्थशास्त्राची आहेत. औषध प्रयोगशाळेत सापडते हे खरे. पण कोणते औषध शोधायचे, त्यासाठी पैसा कोणी द्यायचा आणि तयार झालेले औषध कोणाच्या खाटेपर्यंत पोहोचायचे, या गोष्टी कायदेमंडळात, कारखान्यात आणि न्यायालयात ठरतात. काही ठळक घटनांच्या आधारे हे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रेडियमचे मोल

१८९८ साली मेरी व पिएर क्यूरी यांनी रेडियमचा शोध लावला. त्याच्या किरणांनी कर्करोगाची गाठ विरघळू शकते हे पुढे थोड्याच वर्षांत दिसून आले आणि शस्त्रक्रियेखेरीज दुसरा इलाज नसलेल्या या रोगावर एक नवे साधन हाती आले. क्यूरी दांपत्याने रेडियम वेगळे करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. ज्ञान सर्वांचे आहे, अशी त्यांची धारणा होती.

ज्ञान मोकळे झाले, पण धातू मोकळा झाला नाही. १९२१ साली एक ग्रॅम रेडियमची किंमत एक लक्ष डॉलर होती. जिने तो शोधला त्या मेरी क्यूरीलाही आपल्या प्रयोगशाळेसाठी तो विकत घेणे परवडेना. अखेर अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी जमविली आणि २० मे १९२१ रोजी अध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते एक ग्रॅम रेडियम तिला भेट देण्यात आले. पुढच्याच वर्षापासून बेल्जियमच्या एका कंपनीने काँगोतील खाणींचे रेडियम बाजारात आणले. ते खनिज इतके समृद्ध होते की भाव कोसळले, अमेरिकेतील रेडियमचे कारखाने बंद पडले आणि जगाचा पुरवठा बहुतांशी त्या एका कंपनीच्या हाती गेला. काँगो त्या वेळी बेल्जियमची वसाहत होती. म्हणजे युरोपातील रुग्णालयात किरणोपचार स्वस्त झाला तो आफ्रिकेतील गुलाम देशाच्या खाणीमुळे. त्या खाणीत राबणाऱ्या मजुराच्या वाट्याला मात्र त्यातले काय आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

युद्धाच्या पोटातून

आज 'केमोथेरपी' हा शब्द खेड्यातल्या माणसालाही ठाऊक झाला आहे. या उपचाराचा उगम युद्धखात्याच्या कपाटात आहे, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूंचा अभ्यास करीत असताना अमेरिकेतील येल विद्यापीठातील गुडमन व गिलमन या संशोधकांना आढळले, की मस्टर्ड वायूच्या जातीचे रसायन लसिका ग्रंथींच्या गाठी विरघळविते. १९४२ साली त्यांनी ते एका रुग्णास दिले. गाठी ओसरल्या, पण काही काळापुरत्याच. हे काम लष्करी गुपित असल्यामुळे १९४६ पर्यंत ते प्रसिद्ध होऊ शकले नाही.

दरम्यान २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तेथे 'जॉन हार्वे' नावाच्या अमेरिकन जहाजात मस्टर्ड वायूचे बाँब गुप्तपणे साठविलेले होते. जहाज फुटले, विष पाण्यात व हवेत पसरले. जखमी खलाशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे विष कोणते, हेच सांगण्यात आले नव्हते. चौकशीसाठी पाठविलेल्या स्टुअर्ट अलेक्झांडर या डॉक्टराने ते ओळखले आणि बाधितांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नष्ट होत असल्याची नोंद केली. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. मारण्यासाठी बनविलेल्या विषातून जगविण्याचे औषध निघाले. परंतु ते जगापुढे केव्हा यायचे, हे सेनेने ठरविले.

याच सुमारास बोस्टन येथील सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर अमिनॉप्टेरिन या औषधाचा प्रयोग करून १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

जाहिरात, चळवळ आणि कायदा

फार्बरना औषध सापडले, पण संशोधन पुढे नेण्यास पैसा नव्हता. मे १९४८ मध्ये त्यांच्या एका बालरुग्णाला 'जिमी' हे टोपणनाव देऊन रेडिओवरून देशाला ऐकविण्यात आले. त्याचे आवडते बेसबॉल खेळाडू त्याच्या खाटेशी येऊन बोलले. लोकांनी दोन लक्ष डॉलरहून अधिक रक्कम पाठविली. रोगाला एक चेहरा दिला की पैसा उभा राहतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

हे तंत्र राजकारणात नेले ते मेरी लास्कर या श्रीमंत व कर्तबगार बाईने. ९ डिसेंबर १९६९ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पूर्ण पानाची जाहिरात झळकली. तिच्यात थेट अध्यक्ष निक्सन यांना आवाहन होते, की कर्करोग बरा करणे आपल्या हाती आहे. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता. चंद्र गाठता येतो, तर कर्करोग का जिंकता येऊ नये, असा तो काळ. २३ डिसेंबर १९७१ रोजी निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली आणि तीन वर्षांसाठी सुमारे दीड अब्ज डॉलरची तरतूद झाली. पुढील अनेक औषधांचा पाया या पैशाने घातला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु देशाच्या द्विशताब्दीपर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत, रोगावर विजय मिळविण्याची जी स्वप्ने दाखविली गेली, ती फोल ठरली. रोग एक नव्हता, अनेक होते. आणि पेशीचे मूळ विज्ञानच अद्याप पुरते उमगलेले नव्हते. राजकारणाला निवडणुकीचे वेळापत्रक असते, निसर्गाला नसते.

दुर्लक्षित प्रतिबंध

या सर्व धामधुमीत एक गोष्ट मागे पडली. ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी, तर अमेरिकेत विंडर व ग्रॅहॅम यांनी १९५० सालीच धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला होता. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत निवेदन छापून या निष्कर्षांबद्दल शंका उपस्थित केली. लोकांच्या मनात संशय कायम ठेवणे एवढेच त्यांना पुरेसे होते. सरकारचा अधिकृत अहवाल यावयास १९६४ साल उजाडले. या चौदा वर्षांत किती पेट्या खपल्या असतील!

येथे इतिहासाची एक विचित्र गंमत दिसते. मेरी लास्कर यांचे पती आल्बर्ट लास्कर हे जाहिरात व्यवसायातील बडे प्रस्थ. स्त्रियांना सिगारेटकडे वळविणाऱ्या 'लकी स्ट्राइक'च्या जाहिराती त्यांच्याच संस्थेने केल्या होत्या. ते स्वतः १९५२ साली आतड्याच्या कर्करोगाने वारले.

आपल्याकडे तंबाखूची कथा वेगळी नाही. महाराष्ट्र शासनाने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांचा आधार घेऊन २०१२ साली पुन्हा बंदी आली. कायद्याची एक फट बुजविण्यास आठ वर्षे लागली. बंदीनंतरही पुडी कोठे मिळते, हे कोणत्याही एस. टी. स्थानकावर उभ्या असलेल्या माणसास विचारावे.

परळ ते दिल्ली

आता आपल्या देशाकडे वळू. मेहेरबाई टाटा १९३१ साली विलायतेत रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. अशा रुग्णालयाची सोय हिंदुस्थानातही असावी, ही त्यांचे पती सर दोराबजी यांची इच्छा. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विश्वस्त निधीने परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. रुग्णालय अणुशक्ती खात्याकडे कसे, असा प्रश्न पडेल. किरणोपचाराचे महत्त्व ओळखणाऱ्या होमी भाभांची दृष्टी त्यामागे होती. एका कुटुंबाच्या दुःखातून निघालेली संस्था अशा रीतीने राष्ट्राच्या मालकीची झाली.

परंतु औषध महाग असेल तर रुग्णालय असून काय उपयोग? १९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या पदार्थाला नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळत असे. त्यामुळे आपले कारखाने तेच औषध निराळ्या रीतीने तयार करून स्वस्तात विकू शकले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली हा नियम बदलावा लागला. मात्र त्या वेळी डाव्या पक्षांच्या आग्रहाने कायद्याचे कलम ३ (ड) कडक झाले. माहीत असलेल्या औषधाचे केवळ रूप बदलले व त्याची परिणामकारकता वाढली नाही, तर पेटंट नाही, असा त्याचा आशय.

या कलमाची कसोटी 'ग्लिव्हेक' या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात लागली. नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये पडत. भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाला आठ ते दहा हजार. मुंबईची कर्करुग्ण साहाय्य संस्था या लढ्यात रुग्णांच्या बाजूने उभी राहिली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. त्याआधी ९ मार्च २०१२ रोजी, महिन्याला दोन लाख ऐंशी हजार रुपयांना विकले जाणारे बायर कंपनीचे 'नेक्साव्हर' हे औषध ८,८८० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना नॅटको या भारतीय कंपनीला देण्यात आला होता. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानेही तो योग्य ठरविला.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एक औषध यशस्वी होण्यापूर्वी अनेक फसतात, तो खर्च कोठून काढावयाचा, असे त्या विचारतात. नोव्हार्टिसने आपल्याकडील अनेक रुग्णांना ग्लिव्हेक मोफतही दिले होते. परंतु जोखीम नेहमी कंपनीच घेते असे नाही. 'टॅक्सॉल' हे औषध अमेरिकन सरकारच्या संशोधनातून आले. सरकारने त्याच्या संशोधनावर ४८ कोटी ४० लाख डॉलर खर्चिले, कंपनीने ९ अब्ज डॉलरची विक्री केली आणि सरकारला स्वामित्वधन मिळाले साडेतीन कोटी. हे आकडे त्या देशाच्याच सरकारी हिशेब तपासनिसांनी २००३ साली दिले आहेत.

औषधापलीकडचा खर्च

आमच्या गावातील एका शेतकऱ्यास घशाचा कर्करोग झाला. शासकीय योजनेतून औषधोपचाराचा खर्च झाला, तरी त्याची अर्धी जमीन गहाण पडली. शहरातील खोलीचे भाडे, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी, महिनोन्‌महिन्यांचा प्रवास हा खर्च कोणत्याही योजनेच्या कागदावर नव्हता. परळच्या पदपथावर बिऱ्हाड मांडून बसलेली कुटुंबे हेच सांगतात. जिल्ह्याच्या ठिकाणी किरणोपचाराचे यंत्र असणे वा नसणे, हा प्रश्न डॉक्टरांचा कमी आणि अंदाजपत्रकाचा अधिक आहे.

शेवटी एक आशादायक उदाहरण. टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे सोळाशे स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती भूल देण्याच्या साध्या औषधाचे इंजेक्शन दिले असता अधिक स्त्रिया वाचल्या. हे औषध जुने आहे, अल्प किमतीचे आहे आणि त्याचे पेटंट कोणाकडेही नाही. अशा शोधामागे कोणती कंपनी पैसा लावील? ज्यात नफा नाही ते संशोधन लोकांच्या पैशानेच व्हावयास हवे, हे यावरून स्पष्ट होते.

पेशींचे कोडे आपल्या विज्ञान शाखेच्या मित्रांनी सोडवावे. परंतु कोणत्या कलमामुळे औषध स्वस्त होते, कोणत्या फटीतून गुटखा परत येतो आणि अंदाजपत्रकात जिल्हा रुग्णालयाच्या वाट्याला किती रक्कम येते, हे वाचता येणे व त्यावर प्रश्न विचारता येणे हे काम आपले आहे. कला शाखेत शिकून काय करणार, असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर देता येईल.