ओळख नसताना संपादकांना कसे लिहू?

प्रश्न : मी सांगलीची. हळदीच्या पेवांवर दिवाळी अंकासाठी लिहायचे आहे. ओळखीशिवाय दखल घेतील का? पूर्ण लेखच पाठवू?

उत्तर : ताई, वशिला लागतो हा गैरसमज आहे; नव्या विषयाच्या शोधात संपादकही असतात. कथा-कविता पूर्ण पाठवाव्यात, माहितीपर लेखासाठी आधी एक पानी पत्र पुरते. सुरुवातीलाच विषय सांगा : सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीखालची पेवे आणि २००५च्या महापुराने केलेले नुकसान. मग कोणाला भेटणार, शब्दसंख्या, छायाचित्रे आणि दोन ओळींत स्वतःची ओळख. ज्या दिवाळी अंकाला लिहिणार, त्याचे मागचे दोन-तीन अंक आधी चाळा. दिवाळीची जुळवाजुळव लवकर सुरू होते, मे-जूनमध्येच लिहा. मानधन विचारायला संकोचू नका. मात्र स्वीकारलेला लेख दुसरीकडे देऊ नका. महिनाभरात उत्तर आले नाही, तर नम्रपणे आठवण करून द्या. विषय तुमच्या गावचा आहे, निर्धास्त लिहा.