मद्यगृहातील लोकगीत आणि अनवधानी श्रोता

लोकसाहित्याच्या अभ्यासात गायकाचा व संहितेचा जेवढा विचार झाला, तेवढा श्रोत्याचा झालेला नाही. आणि जो श्रोता ऐकतच नाही, त्याचा तर क्वचितच. आयर्लंड व इंग्लंड येथील मद्यगृहांत, म्हणजे पबमध्ये, चालणारे लोकसंगीत या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील बहुतेक मंडळी पेयपान व गप्पा यांसाठी आलेली असतात. संगीत त्यांच्या कोलाहलातच चालते.

आयर्लंडपुरते पाहता ही प्रथा वाटते तितकी प्राचीन नाही. तेथील नृत्यसंगीत पूर्वी मुख्यतः घरोघरच्या बैठकींत व चव्हाट्यावरील नाचांत वाजत असे. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने नृत्यावर परवान्याचे बंधन आले आणि घरगुती नाचांना उतरती कळा लागण्यास तेही एक कारण झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरीसाठी लंडनला गेलेले आयरिश वादक भाड्याच्या अपुऱ्या खोल्यांत राहत. एकत्र वाजविण्यासाठी ते मद्यगृहांत जमू लागले. पुढे मायदेशीही ही पद्धत रूढ झाली. परंतु येथे नर्तक नव्हते. मग नृत्याचे संगीत वाजवावयाचे कोणासाठी?

या प्रश्नाचे उत्तर वादकांच्या बैठकीतच सापडते. ते मेजाभोवती परस्परांकडे तोंड करून बसतात. गिऱ्हाइकांकडे कित्येकांची पाठच असते. वादक हाच वादकाचा श्रोता होतो. रील, जिग या धुनांची रचनाही यास अनुकूल आहे. धुनेचे सामान्यतः दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा घेऊन संपूर्ण धून दोन-तीन वेळा वाजवितात व न थांबता दुसरीत शिरतात. अशा पुनरावृत्तीत कोणीही कोठूनही प्रवेश करू शकतो. अनवधानाने तिचे फारसे बिघडत नाही.

कथागीताचे, म्हणजे बॅलडचे, तसे नाही. त्यातील एक कडवे गोंगाटात बुडाले की कथेचा धागाच तुटतो. म्हणून गाणे सुरू होताच शांततेची हाक देण्याचा संकेत आढळतो. इंग्लंडमधील सफोक परगण्यात, ब्लॅक्सहॉल येथील ‘शिप’ या मद्यगृहात तर गायनाच्या रात्री अध्यक्ष असे व तो सुव्यवस्था राखी. इंग्लंडमधील लोकगीत-मंडळांनी १९५० नंतर दुसरा मार्ग पत्करला: मद्यगृहातीलच स्वतंत्र खोली, प्रवेशमूल्य आणि मौन. गीत ऐकले गेले खरे; पण ते रोजच्या व्यवहारापासून एक जिना वर गेले.

जेथे यांपैकी काहीच शक्य नसते, तेथे गायक ध्वनिवर्धक व सर्वांना पाठ असलेली पालुपदे यांचा आश्रय घेतो. दीर्घ कथागीतास कोणी बंदी करीत नाही. गायकच ते त्या रात्रीपुरते बाजूस ठेवतो. अशा अनेक रात्री मिळून परंपरेतील निवड घडते.

आपल्या पोवाड्यातील झीलकऱ्यांचा ‘जी जी’ आणि कीर्तनकाराने मध्येच करविलेला नामघोष यांकडेही या दृष्टीने पाहता येईल. त्यांची कार्ये निराळी असली, तरी विखुरलेले अवधान गोळा करणे हे त्यांतील एक होय. छापील संहितेत हे घटक अनेकदा गाळले जातात अथवा अलंकार समजले जातात. एखादे गीत का टिकले व दुसरे का लोपले, हे समजण्यासाठी संग्राहकाने गीताच्या शब्दांबरोबरच ते चालू असताना कोण बोलत होते व कोण गप्प झाले, याचीही नोंद केली पाहिजे.