'इग्नरंट' म्हणजे नक्की काय? बिझनेस इंग्रजीत हा शब्द जपून वापरा



समजा, एका पार्टीकडे तुमचं पेमेंट अडकलंय. दोनदा आठवण करून दिलीत, उत्तर नाही. तिसऱ्यांदा तुम्ही इंग्रजीत मेसेज टाकता, 'यू आर इग्नरंट अबाउट माय पेमेंट.' तुम्हाला म्हणायचंय, 'तुम्ही माझ्या पेमेंटकडे दुर्लक्ष करताय.' पण समोरचा वाचतो, 'तुम्हाला काही कळत नाही.' आता पेमेंट तर लांबच, पार्टीही हातची जायची. म्हणून आजचा धडा या एकाच शब्दावर.

१. अर्थ आणि उच्चार

'इग्नरंट' हे विशेषण आहे. अर्थ: एखाद्या गोष्टीची माहिती किंवा ज्ञान नसलेला. 'इग्नोर' हे क्रियापद आहे. अर्थ: दुर्लक्ष करणे.

दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच मुळातून आलेत, 'माहीत नसणे' या अर्थाच्या. म्हणून गोंधळ होतो. फरक असा लक्षात ठेवा: इग्नोर करणाऱ्याला माहीत असतं, पण तो लक्ष देत नाही. इग्नरंट असणाऱ्याला माहीतच नसतं.

उच्चारही वेगळा आहे. 'इग्नोर'मध्ये जोर 'नोर'वर येतो. 'इग्नरंट'मध्ये जोर सुरुवातीच्या 'इग्'वर येतो आणि मधला 'न' हलका होतो. आपल्याकडे सर्रास 'इग्नोरंट' म्हणतात, ते टाळा.

२. वर्णन कधी, अपमान कधी?

मराठीतच बघा. 'तो या नियमाबद्दल अनभिज्ञ आहे' हे वर्णन झालं. 'तो अडाणी आहे' हा अपमान झाला. प्रॉपर्टीच्या कागदपत्रांत अठरा वर्षांखालच्या वारसाला 'अज्ञान' लिहितात, त्यात कुणाला राग येत नाही. पण तोच शब्द भर दुकानात कुणाला लावून बघा!

इंग्रजीत 'अनभिज्ञ' आणि 'अडाणी' या दोन्ही छटा 'इग्नरंट' या एकाच शब्दात आहेत.

- 'मेनी शॉपकीपर्स आर इग्नरंट ऑफ धिस रूल.' बऱ्याच दुकानदारांना हा नियम माहीत नाही. पुढे 'ऑफ' किंवा 'अबाउट' लावून कशाची माहिती नाही ते सांगितलंय. वाक्य बरोबर आहे, तरी सूर थोडा कडक आहे.
- 'ही इज इग्नरंट.' तो अडाणी आहे. पुढे काहीच नाही, म्हणजे थेट माणसावर शेरा. 'उद्धट, वागण्याची पद्धत नसलेला' या अर्थानेही बोलताना हे वापरतात.

३. मग धंद्यात काय म्हणायचं?

'अनअवेअर' किंवा 'नॉट अवेअर' वापरा. अर्थ तोच, पण टोचत नाही.

- स्वतःबद्दल: 'सॉरी, आय वॉज नॉट अवेअर ऑफ धिस.' माफ करा, मला हे माहीत नव्हतं.
- ग्राहकाला: 'यू मे नॉट बी अवेअर ऑफ अवर एक्स्चेंज पॉलिसी. लेट मी एक्स्प्लेन.' आमची बदलून देण्याची पद्धत कदाचित तुम्हाला माहीत नसेल, मी समजावून सांगतो.
- अडकलेल्या पेमेंटसाठी: 'आय हॅव सेंट टू रिमाइंडर्स. प्लीज लेट मी नो व्हेन आय कॅन एक्स्पेक्ट द पेमेंट.' यात 'इग्नोर'ही नाही आणि 'इग्नरंट'ही नाही. काम मात्र होतं.

४. 'इग्नरन्स' आणि कायदा

'इग्नरंट'चं नाम 'इग्नरन्स', म्हणजे अज्ञान. 'इग्नरन्स ऑफ लॉ इज नो एक्सक्यूज' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कायदा माहीत नव्हता, ही सबब चालत नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत हे तत्त्व होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे: वस्तुस्थितीबद्दल प्रामाणिक गैरसमज झाला तर बचाव मिळू शकतो, कायद्याबद्दल झाला तर नाही.

आपल्या धंद्यात याचा अर्थ काय? तुम्ही घरी मसाला करून पाकिटं भरता आणि दुकानांना देता. वजन-मापांच्या कायद्याखालच्या 2011 च्या नियमांप्रमाणे किरकोळ विक्रीच्या पाकिटावर तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी वगैरे छापावं लागतं. तपासणीला आलेल्या साहेबांना तुम्ही कितीही छान इंग्रजीत 'आय वॉज नॉट अवेअर' म्हणालात, तरी त्यानं दंड टळत नाही. ते वाक्य नातं सांभाळायला आहे. दंड टाळायचा असेल तर नियम आधीच वाचायला हवा.

आजचा गृहपाठ

वहीत तीन वाक्यं लिहा: एक 'इग्नोर'चं, एक 'इग्नरंट ऑफ'चं आणि एक 'नॉट अवेअर'चं. तिन्ही तुमच्याच धंद्यातली हवीत. मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, 'हे वाक्य ग्राहकानं मला म्हटलं असतं, तर मी पुन्हा त्याच्याशी व्यवहार केला असता का?' उत्तर 'नाही' आलं, तर शब्द बदला.